खोकं, दांडा आणि दोरी: लंडन ते लिव्हरपूल

शनिवार, सोहो

भाचा लंडनमधल्या हॅरोला राहतो, त्याच्याकडे उतरलो. व्हिसा, विमान, बॅगा सगळं नीट पार पडलं त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नवरा कॉलेजपासूनचा बीटल्सभक्त, त्याला एकदा बीटल्सचं गाव लिव्हरपूल बघायचंच होतं. मला बीटल्सची चार-पाच गाणी येतात तेवढंच, पण भाचा म्हणाला, मावशी तू लिव्हरपूलच्या आधी इथल्या सोहो भागात चल, तुला आवडेल असं काहीतरी दाखवतो.

ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट, नंबर 59. आता तिथे फिश अँड चिप्सचं दुकान आहे आणि भिंतीवर एक हिरवी गोल पाटी. 1956 साली इथे 'टू आइज' नावाचा कॉफी बार सुरू झाला, चालवणारे दोघं ऑस्ट्रेलियन, पेशाने कुस्तीवाले, पॉल लिंकन आणि रे हंटर. नाव मात्र आधीच्या मालकांचं, आडनाव इराणी! मी रस्त्यावरच हसले, लंडनला येऊनसुद्धा मुंबईकराला चहा-कॉफीला इराणीच भेटतो. तर या बारच्या तळघरात दुधाच्या क्रेटवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं आणि त्यावर उभं राहून पोरं गिटार, कपडे घासायची पन्हाळी फळी आणि दांडा-दोरी लावलेलं चहाचं रिकामं खोकं वाजवायची. याला म्हणतात स्किफल. वर कॉफी, खाली घामाने निथळणारी गर्दी.

आम्ही मासे खाणारे, त्यामुळे तिथेच हॅडॉक मागवला, वर व्हिनेगर आणि बाजूला मशी पीज, म्हणजे वाटाण्याचा हिरवा लगदा. नवऱ्याला आवडला, मला नाही. त्यात एक हिरवी मिरची आणि जिरं घातलं असतं तर काय बिघडलं असतं देव जाणे.

खाता खाता भाच्याने सगळी गोष्ट सांगितली, थोडी मला आधी माहीत होती थोडी नाही. पन्नासच्या दशकात इंग्लंडात जॅझचे बँड जोरात होते. केन कॉलियर म्हणून एक ट्रम्पेटवाला होता, तो जहाजावर नोकरी धरून अमेरिकेला गेला, जहाज सोडून पळाला, न्यू ऑर्लिन्सला जाऊन वाजवलं, तिथे तुरुंगात बसला आणि परत पाठवला गेला, तो 1953 ला इकडे आल्यावर हिरोच झाला. त्याच्या आणि मग ख्रिस बार्बरच्या बँडमध्ये मध्यंतरात फुंकणाऱ्यांना विश्रांती म्हणून दोघं-तिघं गिटार, बास आणि वॉशबोर्ड (तीच कपडे घासायची फळी) घेऊन अमेरिकेतली जुनी गाणी म्हणायचे. बँडमधला बँजोवाला लॉनी डोनेगन गायला उभा राहायचा. 13 जुलै 1954 ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बँडचं रेकॉर्डिंग होतं, त्यात त्याचं 'रॉक आयलंड लाइन'ही झालं, बासवर स्वतः बार्बर आणि वॉशबोर्डवर बेरिल ब्रायडन नावाची बाई. गाणं मुळात अमेरिकेतल्या अर्कान्सासच्या तुरुंगात 1934 मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी टिपलेलं, ते लेड बेली नावाच्या अमेरिकन गायकाने जगभर नेलं. डोनेगनचं रेकॉर्ड सिंगल म्हणून 1955 च्या अखेरीस आलं आणि 1956 च्या जानेवारीत चार्टवर चढलं. ब्रिटनमध्ये तर चाललंच, अमेरिकेतसुद्धा पहिल्या दहात गेलं. डोनेगनला मिळाली ती त्या दिवसाची मजुरी, रॉयल्टी नाही.

आणि मग जे झालं ते आजच्या रील्सलाही जमणार नाही. तेव्हा देशभरात 30 ते 50 हजार स्किफल ग्रुप होते असा अंदाज सांगतात. कारण अगदी साधं आहे. गाण्याला तीन कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकदम वाजवायचे तीन स्वरमेळ, पुरतात. युद्धानंतरचं रेशनिंग तिकडे 1954 च्या जुलैपर्यंत चालू होतं, डॉलर वाचवायला अमेरिकन वाद्यांची आयात 1951 पासून बंद, चांगलं गिटार बघायचं तर फोटोतच. त्यामुळे ग्रुपमध्ये एखाद्याकडे स्वस्तातलं गिटार आणि बाकीच्यांनी घरात मिळेल ते उचललं. आईची कपडे घासायची फळी, कंगव्यावर कागद लावून पिपाणी, आणि वाण्याकडून आणलेलं चहाचं खोकं.

भाचा म्हणाला गायक क्लिफ रिचर्डपण इथलाच, जन्म मात्र लखनौचा, 1940 चा. तोसुद्धा आधी एका स्किफल ग्रुपमध्ये होता, मग 1958 ला याच तळघरात वाजवायला लागला. नवरा म्हणाला बघ, सगळं आपल्याकडूनच गेलंय. मी म्हटलं जरा थांब, अजून लिव्हरपूल व्हायचंय.

लंडनच्या बस-ट्यूबला वेगळं कार्ड काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं आणि दिवसाला ठरावीक रकमेच्या वर कापत नाहीत. फक्त दिवसभर तेच कार्ड टॅप करा आणि दोघांची कार्डं वेगळी ठेवा. सोहोत शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, पाटीचा फोटो काढायला पण उभं राहता येत नाही, दुपारी लवकर जा.

रविवार, गाडी

रविवारी इंग्लंडात लांबचा रेल्वेप्रवास टाळा. लंडनच्या युस्टन स्टेशनहून लिव्हरपूल एरवी सव्वादोन तासांच्या आसपास, पण रविवारी रुळांची कामं चालतात. आमची गाडी वाटेत क्रू नावाच्या स्टेशनला थांबली आणि पुढे बस. बस यायला तासभर, पाऊस, आणि अनाउन्समेंट अशी की मेगाब्लॉकच्या आपल्या बाई परवडल्या. संध्याकाळी लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरलो तेव्हा मर्सी नदीवरून असा वारा येत होता की नवऱ्याची टोपी गेली. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण शक्यतो शनिवार किंवा सोमवार धरा.

हॉटेलजवळच एका छोट्या खाणावळीत स्काउस खाल्लं. मटण किंवा बीफ, बटाटे आणि गाजर घालून तासन् तास शिजवलेलं दाट कालवण, लिव्हरपूलच्या लोकांना 'स्काउसर' म्हणतात ते यावरूनच. बीफ नको असेल तर आधी विचारून घ्या. मांस न घातलेलं असतं त्याला 'ब्लाइंड स्काउस' म्हणतात, शाकाहारी मंडळींनी हे नाव लक्षात ठेवा. बरोबर व्हिनेगरमधला लाल कोबी देतात तो मला फार आवडला, दोनदा मागितला. वाढणारी मुलगी मला "लव्ह, लव्ह" म्हणत होती, तिथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा. पहिल्या दिवशी दचकायला होतं.

सोमवार, वूल्टन

गावाच्या मध्यापासून बसने अर्धा-पाऊण तास. वूल्टन हे आधी खेडंच, खाणीतल्या लाल दगडाचं. लिव्हरपूलचं ते अवाढव्य अँग्लिकन कॅथेड्रल याच दगडाचं बांधलंय. टेकाडावर सेंट पीटर्स चर्च, समोर रस्त्यापलीकडे चर्चचा हॉल. सकाळी ऊन आलं होतं आणि गवतावर दव.

6 जुलै 1957, शनिवार. चर्चची जत्राच म्हणा, लॉरींची मिरवणूक, मुलींतल्या एकीला गुलाबाची राणी करायची, पोलिसांच्या कुत्र्यांचे खेळ. त्यात एका लॉरीवर क्वारीमेन स्किफल ग्रुप, ज्याचे पुढे बीटल्स झाले. जॉन लेनन सोळा वर्षांचा, चौकड्याचा शर्ट, पीट शॉटनकडे वॉशबोर्ड, रॉड डेव्हिसकडे बँजो, लेन गॅरीकडे चहाचं खोकं. दुपारी मागच्या मैदानात वाजवलं आणि रात्री हॉलमध्ये डान्सच्या मध्ये त्यांचा नंबर होता. त्याच हॉलमध्ये दोघांचा मित्र आयव्हन वॉनने पॉल मॅकार्टनीला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या बीटलला, आणून जॉनशी ओळख करून दिली, पॉल नुकताच पंधरा पूर्ण झालेला, त्याने गिटार उचलून एडी कोक्रनचं गाणं सगळ्या शब्दांसकट म्हणून दाखवलं. जॉनला तर शब्दच पाठ नसायचे, जागच्या जागी जुळवायचा. हॉलच्या भिंतीवर या भेटीची पाटी आहे. नवरा त्या पाटीसमोर जे उभा राहिला ते मी हाक मारेपर्यंत.

हा आयव्हनसुद्धा अधूनमधून खोक्यावर असायचा. त्याने आपल्या खोक्यावर 'जाइव्ह विथ आइव्ह, द एस ऑन द बेस' (आइव्हबरोबर नाचा, बासवरचा एक्का) असं रंगवलं होतं म्हणे. मला या सगळ्या भक्तीत ही एक गोष्ट फार आवडली. इतिहास एकीकडे, पण पोराने खोक्यावर आपलं नाव आधी रंगवलं.

चर्चच्या आवारात एलिनॉर रिग्बीच्या थडग्याचा दगड आहे, बीटल्सच्या एका प्रसिद्ध गाण्याचं नाव हेच, 10 ऑक्टोबर 1939 ला चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेली बाई, तिथे कायम कोणीतरी फोटो काढत असतं. फुलं नीट करणाऱ्या एका आजींनी आम्हाला विचारलं कुठून आलात, डोंबिवली म्हटल्यावर अर्थात कळलं नाही, मुंबई म्हटल्यावर म्हणाल्या, माझे वडील गोदीत होते, तुमच्याकडची खोकी उतरवायचे. मी म्हटलं चहाची? त्या म्हणाल्या चहाची, आणखी कशाची, आमच्या घरात कपडे, खेळणी, कोळसा सगळं चहाच्या खोक्यातच असायचं.

हे मला आधी सुचलंच नव्हतं. प्लायवूडची चौकोनी पेटी, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आतून दमट हवा लागू नये म्हणून चांदीसारखा कागद. आसाम, दार्जिलिंग, सिलोनचा चहा त्यातून यायचा. चहा वाण्याकडे संपला की पेटी सामान हलवायला, आणि 1956 नंतर बँडमध्ये. प्लायवूड पातळ, पेटी पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. म्हणजे मळ्यातल्या कोणीतरी खिळे ठोकून ती बंद केली तेव्हा तो नकळत वाद्यच करत होता. लिव्हरपूलभर हजार पाट्या लावल्यात, त्या माणसाची एक कुठे नाही. असो.

जॉनचं घर 'मेंडिप्स' आणि पॉलचं फोर्थलिन रोडचं घर दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. आतून बघायचं तर बुकिंग खूप आधी करा, आम्हाला मिळालं नाही. आत फोटो काढू देत नाहीत. बाहेरून मेंडिप्सचा काचांचा पोर्च दिसतो, जॉनला सांभाळणारी मिमीमावशी त्याला गिटार घेऊन तिथेच पाठवायची. पण क्वारीमेनची खरी तालीम व्हायची जॉनच्या आईकडे, ज्युलियाच्या बाथरूममध्ये, आवाज घुमतो म्हणून. जॉनला पहिल्या कॉर्ड तिनेच शिकवल्या, त्याही बँजोच्या. अख्खा ग्रुप आणि चहाचं खोकं बाथरूममध्ये कसं मावलं असेल हे मला अजून कळलेलं नाही.

सोमवार संध्याकाळ, पबची मागची खोली

खरी ट्रिप ही. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाला विचारलं की असं कोणी अजून वाजवतं का, तो म्हणाला सोमवारी अमुक पबमध्ये मागच्या खोलीत म्हातारे जमतात. पबचं नाव देत नाही, त्यांना गर्दी नकोय हे त्यांनीच सांगितलं. आत सात-आठ जण, दोन गिटार, एक बँजो, वॉशबोर्डवर एक बाई, आणि कोपऱ्यात ते खोकं. पालथं घातलेलं, वरच्या तळाला मधोमध भोक, त्यातून दोरी, आतून गाठ. दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला. दांड्याचं खालचं टोक खोक्याच्या कडेवर टेकवलेलं. बस्, झालं वाद्य. एका बाजूला पुसट काळी अक्षरं, त्यात 'आसाम' एवढंच वाचता येत होतं.

खोक्यावरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. एक पाय खोक्यावर दाबून ठेवतात म्हणजे ते उड्या मारत नाही, डाव्या हाताने दांडा मागे खेचला की दोरी ताणते आणि स्वर चढतो, सैल सोडला की उतरतो, उजव्या हाताच्या बोटांनी दोरी छेडायची. पडदे नाहीत, खुणा नाहीत, सगळं कानावर. मला म्हणाले, सत्तावन्नला प्रत्येक गल्लीत एक खोकेवाला होता पण बहुतेक नुसते धपधप करायचे, स्वर लागणारा शंभरात एक. मग हसून म्हणाले, मी नव्याण्णवातला, पण म्हातारपणी लागला स्वर.

वॉशबोर्डवाली बाई सगळ्यांत भारी. शिवणकामाची अंगुस्तानं तिने जुन्या हातमोज्यांच्या बोटांना पक्की चिकटवली होती, म्हणजे गाणं संपलं की मोजे काढले आणि ग्लास उचलला, काही सांडलवंड नाही. फळीच्या वरच्या चौकटीला सायकलची घंटी आणि एक छोटा डबा. पन्हाळीवर बोटं वर-खाली फिरली की 'चकचका चकचका' आणि मधे घंटी. मी शिवणकाम करते म्हणून माझं लक्ष तिथेच, प्रत्येक अंगुस्तान वेगळ्या मापाचं होतं, करंगळीचं सगळ्यात जाड. तिला विचारलं तर म्हणाली, करंगळीला जोर कमी असतो ना, म्हणून वजन जास्त.

मग त्यांनी रेल्वेचं गाणं सुरू केलं, हळू सुरुवात आणि मग गाडीसारखा वेग वाढत वाढत शेवटी तोंडाला फेस येईपर्यंत. तेव्हा मला आमच्या लोकलमधलं भजन आठवलं. लेडीज डब्यात ढोलकी घेऊन चढता येत नाही म्हणून आम्ही स्टीलच्या डब्यावर आणि डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि ठाणे सुटल्यावर गाडी फास्ट पळायला लागली की भजनसुद्धा पळतं, कोणी ठरवत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी हे सांगितलं तर बाईंनी वॉशबोर्ड सरळ माझ्याकडे सरकवला. मोजे घातले, थोडा केरवा वाजवला, त्यांना जमलाही. आजोबा खोक्यावर स्वर शोधत राहिले, नवरा मोबाइलवर शूट करत राहिला आणि नेमकं तेवढंच अंधारात आलंय.

शेवटी आजोबांनी दांडा माझ्या हातात दिला. "मागे ओढ, लव्ह, अजून मागे." दोरी बोटाला अशी कापते! पाच मिनिटांत पहिलं बोट लाल. त्यांच्या बोटांना मात्र कापडी चिकटपट्टी.

जाताना मी विचारलं, हे सगळं अचानक संपलं कसं? 1957 च्या जूनमध्ये बीबीसी रेडिओवर स्किफलचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि पुढच्याच वर्षी त्या कार्यक्रमाच्या नावातून स्किफल गळलं. आजोबा म्हणाले संपलं कसलं, पोरांना तीन कॉर्ड आल्या, मग त्यांना चौथी हवी झाली, मग इलेक्ट्रिक गिटार हवं झालं, आणि खोकेवाल्याला कोणी विचारेना. मला वाटतं हे खरंच आहे. जॉनने एकदा पीटच्या डोक्यावर वॉशबोर्ड फोडला आणि पीट ग्रुपमधून सुटला, हा किस्सा सगळे गाइड हसत सांगतात. पण मला त्या वॉशबोर्डचंच वाईट वाटतं. ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे नव्हते त्यांना त्या फळीने बँडमध्ये जागा दिली होती.

मंगळवार, नदीकाठ

म्युझियम ऑफ लिव्हरपूल, प्रवेश फुकट, सुटीचा वार आणि वेळ वेबसाइटवर बघून जा. तिथे वूल्टनच्या त्या हॉलचं मूळ स्टेज ठेवलंय. साध्या फळ्या. नवऱ्याचे डोळे भरून आले, मी फळ्या किती मजबूत आहेत ते बघत होते.

कॅव्हर्नला गेलो, म्हणजे बीटल्स जिथे वाजवायचे त्या तळघरातल्या क्लबला. मूळ क्लब 1957 च्या जानेवारीत जॅझसाठी उघडला, 1973 मध्ये बुजवला आणि 1984 ला काही जुन्याच विटा वापरून जवळपास तिथेच परत बांधला. गर्दी, घाम, सगळे गातायत, मजा येते. पण खरं सांगायचं तर सोमवारच्या खोलीनंतर मला ते फार झगमगीत वाटलं. नवऱ्याशी यावरून थोडं वाजलं, मग मर्सीवरच्या फेरीबोटीत वाऱ्याने दोघांची तोंडं बंद केली. फेरीवर जाड जॅकेट हवंच, उन्हाळा असला तरी.

गुरुवार, हॅरो

परत भाच्याकडे. त्याची मुलगी आठ वर्षांची, व्हिडिओ बघून मागेच लागली, मावशीआजी आपण करू. चहाची खोकी आता मिळत नाहीत, चहा कागदी पोत्यांतून आणि कंटेनरमधून येतो, जुनी खोकी जुन्या वस्तूंच्या दुकानात बऱ्याच किमतीला. म्हणून आम्ही बागेतला मोठा प्लास्टिकचा टब घेतला. पहिल्यांदा कपड्यांची दोरी लावली, आवाज मेलेला. मग नायलॉनची बारीक दोरी, ती ताणत ताणत लांबच होत गेली. शेवटी भाच्याने गवत कापायच्या मशीनची प्लास्टिकची तार आणली, आणि काय सांगू, दणदणीत! शेजारी कुंपणावरून डोकावले, पण तक्रार नाही केली, अंगठा दाखवून गेले.

कोणाला करून बघायचं असेल तर: टब किंवा पेटी जितकी मोठी तितका खर्ज. प्लास्टिकपेक्षा पातळ प्लायवूडची पेटी बरी, आपल्याकडे फळबाजारात किंवा भंगारवाल्याकडे बघा. भोकात तार ओवून आतून मोठं वॉशर लावा म्हणजे गाठ निसटत नाही. दांड्याच्या खालच्या टोकाला खाच पाडा, नाहीतर तो कडेवरून घसरून तोंडावर येतो. पेटीची एक कड विटेवर थोडी उचलून ठेवा, आवाज बाहेर यायला वाट हवी. आणि बोटांना चिकटपट्टी वाजवायच्या आधी गुंडाळा, फोड आल्यावर उपयोग नाही.